एक लिटर पेट्रोल म्हणजे किती युनिट वीज?

पाटीपेन्सिल

आमची पेट्रोल गाडी ११ वर्षांची झाली. चालते अजून, पण क्लच आणि सस्पेन्शन दोन्हींनी एकदम मान टाकली आहे. त्यात पैसे ओतण्यापेक्षा गाडीच बदलू, इथपर्यंत घरात एकमत झालं. पुढे गाडं अडलंय. भाऊ म्हणतो, "इलेक्ट्रिक घे, चार्जिंगचा खर्च विजेच्या बिलात कळतसुद्धा नाही." मामा म्हणतात, "हायवेवर चार्ज करून बघ एकदा, पेट्रोलइतकंच पडतं." दोघंही स्वतः इलेक्ट्रिक गाड्या चालवतात, त्यामुळे एकालाही खोटं पाडता येत नाही.

शेवटी भावाची गाडी आठवडाभर मागून घेतली. त्याच्या पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी वेगळा सबमीटर आहे. रोज रात्री प्लग लावण्याआधी आणि सकाळी काढल्यावर रीडिंग वहीत लिहिलं. एकूण ३१२ किमी फिरलो. गाडीचा डिस्प्ले सांगतो, १०० किमीला १४.३ युनिट, म्हणजे ४४.६ युनिट वापरली. सबमीटर मात्र ५१.४ युनिट दाखवतो. जवळजवळ ७ युनिट गेली कुठे? आणि पेट्रोलशी तुलना करताना कुठला आकडा धरू?

विजेचे आणि पेट्रोलचे भाव जागोजागी वेगळे आणि सतत बदलते, म्हणून मला भाव नकोत. कुणालाही कुठेही वापरता येईल अशी हिशोबाची रीत हवी आहे.

वीजतंत्री

सबमीटरचा आकडा धरा. बिल त्याचंच येतं.

७ युनिटची चोरी वगैरे झालेली नाही. भिंतीतून येते ती एसी वीज (सतत दिशा बदलणारी), बॅटरीत जाते ती डीसी (एकाच दिशेने वाहणारी). हे रूपांतर गाडीतला चार्जर करतो आणि त्यात थोडी वीज उष्णता होऊन जाते. शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतले संगणक, रिले, थंड ठेवणारा पंप हे सगळं जागं असतं. गाडीचा डिस्प्ले फक्त बॅटरीतून बाहेर पडलेली वीज मोजतो, वाटेत सांडलेली नाही. १० ते १५ टक्के फरक नेहमीचा आहे, तुमचा १३ टक्के येतोय.

एक विचारतो, भाऊ साध्या सॉकेटवर लावतो का? २३० व्होल्टवर १० ॲम्पिअर म्हणजे २.३ किलोवॅट. त्यातले ३०० वॅट गाडीने स्वतःलाच जागं ठेवायला घेतले, तर १३ टक्के तिथेच संपले. तेच ३०० वॅट ७ किलोवॅटच्या चार्जरवर चार-साडेचार टक्केच होतात. हळू चार्जिंग बॅटरीला सौम्य असतं हे खरं, पण मीटरला स्वस्त पडतंच असं नाही.

पाटीपेन्सिल

हो, साधाच सॉकेट आहे. रात्रभर लावून ठेवतो तो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

हिशोबनीस

रीत सोपी आहे आणि तुमच्या वहीतच आहे.

३१२ भागिले ५१.४, म्हणजे एका युनिटला ६.०७ किमी. तुमच्या पेट्रोल गाडीचं खरं ॲव्हरेज किती? कंपनीचं नव्हे, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलेलं.

पाटीपेन्सिल

१५. गेल्या दोन वर्षांच्या पावत्या आहेत.

हिशोबनीस

मग १५ भागिले ६.०७, म्हणजे साधारण अडीच. तुमच्यासाठी एक लिटर पेट्रोल म्हणजे अडीच युनिट वीज. जिथे उभे असाल तिथला युनिटचा दर विचारा, त्याला अडीचने गुणा. उत्तर लिटरच्या भावापेक्षा कमी आलं तर वीज स्वस्त, जास्त आलं तर पेट्रोल. भाऊ आणि मामा दोघांचंही भांडण या एका आकड्यात मिटतं, कारण दोघांचा युनिटचा दर वेगळा आहे.

हा अडीच सगळ्यांचा नाही, ज्याने त्याने आपला काढायचा. जड गाडी, हलकी गाडी, गर्दी, मोकळा रस्ता, सगळ्याने तो हलतो.

शंकेखोर

एका लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ ९ युनिट ऊर्जा असते असं वाचलंय. मग अडीच युनिटमध्ये तेवढंच अंतर कसं कापलं जाईल? कुठेतरी घोळ आहे.

वीजतंत्री

घोळ नाही. ९ युनिट बरोबर आहे, ८.९ म्हणा. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए तर इलेक्ट्रिक गाड्यांचं ॲव्हरेजही याच हिशोबाने देते, एक गॅलन (सुमारे ३.८ लिटर) म्हणजे ३३.७ युनिट धरून.

पण पेट्रोल गाडी थांबवल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. मग रेडिएटर, सायलेन्सर आठवा. ती सगळी ऊब तुम्ही पंपावर विकत घेतलेली असते. रोजच्या चालवण्यात पेट्रोलच्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. इलेक्ट्रिक मोटरमध्ये उलटं, बहुतांश वीज चाकांना मिळते आणि ब्रेक मारताना त्यातली काही परतही येते.

घाटवाट

ती ऊब वाया जाते म्हणणाऱ्यांनी एक हिवाळा माझ्याबरोबर काढावा! पेट्रोल गाडीत हीटर फुकट मिळतो. इलेक्ट्रिकमध्ये तीच ऊब बॅटरीतून काढावी लागते. माझा एरवी १०० किमीला १६ युनिटचा आकडा कडक थंडीत छोट्या फेऱ्यांना २३ वर जातो. हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारं यंत्र) असलेल्या गाडीत फरक कमी पडतो, माझ्या गाडीत तो नाही. म्हणून आठवडाभराच्या वहीवर भरवसा ठेवू नका, निदान दोन ऋतू बघा.

घाटाचं मात्र खरं सुख आहे. चढताना आकडा बघून धस्स होतं, उतरताना बॅटरी भरत जाते. चढणीत घातलेलं सगळं परत मिळत नाही, पण पेट्रोलमध्ये उतारावर टाकीत एक थेंबही परत येत नाही.

गर्दीतलाराजू

आणि ट्रॅफिक? माझं अर्धं आयुष्य सिग्नलला जातं. एसी लावून गाडी तासभर अडकली तर बॅटरी संपेल अशी भीती सगळे घालतात.

वीजतंत्री

भर उन्हात एसी तासाला एक-दीड युनिट घेईल. तासभर अडकलात तर सात-आठ किमीची वीज गेली. पेट्रोल गाडी त्याच जागी एसी लावून तासाला सुमारे एक लिटर जाळते. अडकायचंच असेल तर बॅटरीत अडकलेलं बरं.

लांबपल्ला

मामांची बाजू मी मांडतो, कारण मी त्यांच्याच जातकुळीतला. वर्षाला ३० हजार किमी, त्यातले निम्म्याहून जास्त हायवेवर.

पहिली गोष्ट, वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० वर गेलात की तो ४४ टक्क्यांनी जास्त. १२० ला माझी गाडी १०० किमीला २२ युनिट खाते, म्हणजे युनिटला साडेचार किमी. त्याच वेगात माझी जुनी पेट्रोल गाडी लिटरला १७ द्यायची. म्हणजे हायवेवर माझा एक लिटर अडीच नाही, पावणेचार युनिटचा झाला. त्यात फास्ट चार्जरवर युनिटचा दर घरच्यापेक्षा कितीतरी जास्त. दोन्ही बाजूंनी मार.

दुसरी गोष्ट, दराची पद्धत. काही ठिकाणी युनिटवर पैसे घेतात, काही ठिकाणी मिनिटावर. ८० टक्क्यांनंतर बॅटरी वीज हळूहळू घ्यायला लागते, हा तिचा स्वभाव आहे. मिनिटावर पैसे घेणाऱ्या एका चार्जरवर मी १०० टक्क्यांपर्यंत बसून राहिलो होतो. शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ६० पेक्षा जास्त वेळ लागला, आणि तेवढेच जास्त पैसे. वर गाडी हलवायला उशीर झाला म्हणून थांबण्याचा वेगळा आकार. पावती बघून बायको म्हणाली, "यापेक्षा पेट्रोल घातलं असतं तर आत्तापर्यंत पोचलो असतो." तेव्हापासून मी ८० ला प्लग काढतो आणि १०० च्या वेगाने जातो. १०० किमीमागे १० मिनिटं जास्त लागतात आणि आकडा २२ वरून १८ वर येतो.

गाडी मी परत विकलेली नाही, विकणारही नाही. पण सगळं चार्जिंग रस्त्यावर करणाऱ्याला "इलेक्ट्रिक म्हणजे स्वस्त" असं कुणी सांगू नये.

हिशोबनीस

@लांबपल्ला, फार मोलाचा प्रतिसाद. तोच धरून पुढचा हिशोब मांडतो. पाटीपेन्सिल, भाव नकोत म्हणालात ना, मग चलनाच्या जागी लिटरच वापरू.

समजा घरच्या एका युनिटचा दर लिटरच्या भावाच्या दहाव्या हिश्शाइतका आहे. वर्षाला १० हजार किमी. पेट्रोल लागेल ६६७ लिटर. वीज लागेल १६६७ युनिट, म्हणजे १६७ लिटरच्या किमतीइतकी. वर्षाची बचत ५०० लिटर. आता सगळं चार्जिंग बाहेर, युनिटचा दर तिप्पट. वीज पडली ५०० लिटरला, बचत उरली १६७ लिटर. इलेक्ट्रिक गाडी घेताना ३००० लिटरइतके पैसे जास्त मोजले असतील, तर पहिल्याचे ६ वर्षांत वसूल, दुसऱ्याचे १८ वर्षांत. म्हणजे गाडीचं आयुष्य संपेल, वसुली नाही.

गाडी तीच, रस्ता तोच. फरक पडला तो रात्री गाडी कुठे उभी असते यावरून.

दोन्हीकडचा

याच आकड्यात हायब्रिड घाला की, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेली गाडी. लिटरला २४ देणारी हायब्रिड १० हजार किमीला ४१७ लिटर पिते. बाहेर चार्ज करणाऱ्या तुमच्या इलेक्ट्रिकपेक्षा स्वस्त! ज्याला घरी प्लग नाही त्याने मुकाट हायब्रिड घ्यावी.

शंकेखोर

आणि बॅटरी? आठव्या वर्षी ती गेली की वाचवलेले सगळे लिटर एका फटक्यात जातील. हा खर्च कुणी धरतच नाही.

वीजतंत्री

भीती अगदी अनाठायी नाही, पण मोठी करून सांगितली जाते. बहुतेक कंपन्यांची बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी असते. वॉरंटी संपली म्हणजे बॅटरी मेली असं नव्हे, तिची क्षमता हळूहळू कमी होत जाते. एका पूर्ण चार्जमध्ये ३५० किमी धरा, हजार वेळा पूर्ण चार्ज म्हणजे साडेतीन लाख किमी. तेवढी गाडी आपल्यातले किती जण चालवतात?

उलट इंजिन ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच यांचा खर्च इलेक्ट्रिकमध्ये नाहीच. ब्रेक पॅडही कमी झिजतात. टायर मात्र लवकर झिजू शकतात, कारण गाडी जड आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून. विम्याचा हप्ता विचारून घ्या, तो बऱ्याचदा जास्त असतो.

शंकेखोर

पटतं, पण पूर्ण नाही. जुनी इलेक्ट्रिक गाडी विकायला काढली की पहिला प्रश्न बॅटरीचाच येतो, आणि भाव तिथेच पडतो. तो पडलेला भावही खर्चच आहे.

हिशोबनीस

हे मान्य. १० वर्षं गाडी ठेवणाऱ्याला त्याची झळ कमी, तीन वर्षांनी बदलणाऱ्याला जास्त.

पहाटवारा

जाता जाता पेट्रोलवाल्यांसाठी: पहाटे गारव्यात पेट्रोल भरावं, दाट असतं, जास्त मिळतं. आमचे वडील आयुष्यभर सहा वाजता पंपावर जात.

वीजतंत्री

वडिलांच्या पहाटे उठण्याला नमस्कार, पण पेट्रोलची टाकी जमिनीखाली असते. तिथलं तापमान पहाटे आणि दुपारी जवळजवळ सारखंच. पेट्रोल १० अंशांना सुमारे एक टक्का फुगतं हे खरं, पण तो फरक नळीतून पडेपर्यंत उरत नाही.

जुनीपानं

थोडं अवांतर. चार्जर सापडत नाहीत म्हणून रडणाऱ्यांनी १८८८ साल आठवावं. बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या, नवऱ्याला न सांगता. वाटेत इंधन संपलं. पंप नावाची गोष्टच नव्हती. वीसलोख गावात त्यांनी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं, ते तेव्हा डाग काढायला वापरत. पेट्रोल गाडीचा पहिला पंप म्हणजे औषधाचं दुकान!

आणि तेव्हा वीज मागे नव्हती. १८९९ मध्ये ताशी १०० किमीचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो इलेक्ट्रिक गाडीने, चालक कामीय जेनात्सी. पुढे १९१२ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत बटणावर सुरू होणारा स्टार्टर आला, हँडल फिरवून हात मोडून घेण्याचं संकट टळलं, आणि पेट्रोल पुढे निघून गेलं. त्या स्टार्टरलाही बॅटरीच लागायची.

स्कूटरवाली

दुचाकीवाल्यांनाही जागा द्या. माझी जुनी स्कूटर लिटरला ४५ द्यायची. इलेक्ट्रिक स्कूटर मीटरवर १०० किमीला ३ युनिट घेते, म्हणजे युनिटला ३३ किमी. माझा एक लिटर सव्वा-दीड युनिटचाच झाला! चारचाकीपेक्षा मी जास्त फायद्यात.

हिशोबनीस

प्रमाणात जास्त फायद्यात, एकूण लिटरमध्ये कमी. वर्षाला ५ हजार किमी असतील तर जुनी स्कूटर मुळात १११ लिटरच पीत होती. बचत त्याच्या आतच होणार. हीच चूक ॲव्हरेज बघताना होते. १० चं १५ झालं तर १०० किमीला सव्वातीन लिटर वाचतात, २० चं २५ झालं तर फक्त एक.

रात्रपाळी

दोन गोष्टी बिलाबद्दल. जिथे टप्प्यांचे दर आहेत तिथे सरासरी दर धरू नका. घरचा फ्रिज, दिवे, पंखे आधीच्या टप्प्यांत बसलेले असतात, गाडी त्यांच्या वर येऊन बसते. तिला शेवटच्या, सगळ्यात महाग टप्प्याचा दर लावा. पाटीपेन्सिल यांच्या भावाला "कळतसुद्धा नाही", कारण त्याने दोन बिलं शेजारी ठेवून पाहिलीच नसतील.

दुसरं, काही वीज कंपन्या रात्रीचा स्वस्त दर देतात. मी कामावरून पहाटे येतो, गाडीला टायमर लावलाय, पण माझी स्वस्त वेळ मी घरी यायच्या आधीच संपते. सगळ्यांची रात्र सारखी नसते. म्हणून सुट्टीच्या दिवशी दोन रात्रींत आठवड्याचं भरून घेतो.

उंबरठा

मी भाड्याच्या घरात, चौथ्या मजल्यावर. इलेक्ट्रिक गाडी हौसेने घेतली. पार्किंगमध्ये सॉकेट द्यायला इमारतीतले तयार नव्हते, मग जिन्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन सोडली. पहिले चार महिने हिशोब फार छान दिसला. एके रात्री प्लग काढायला गेले तर तो चटका बसण्याइतका गरम. खालची पिन काळी पडली होती, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन आत ओढलं गेलं होतं, आणि जळक्या रबराचा वास दोन दिवस जिन्यात राहिला. आजूबाजूला सगळ्यांच्या गाड्या. अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आता बाहेर चार्ज करते. हिशोबनीस यांचा १८ वर्षांचा आकडा माझाच आहे. कृपा करून कुणी एक्स्टेन्शनवर गाडी लावू नका. आणि ज्यांच्याकडे पार्किंगमध्ये मीटर आहे त्यांनी इमारतीच्या बैठकीत भाडेकरूंसाठीही एक शब्द टाका. स्वस्त वीज सध्या फक्त त्यालाच मिळते ज्याची स्वतःची भिंत आहे.

वीजतंत्री

@उंबरठा, वेळेवर लक्षात आलं हे मोठं नशीब. मिक्सर पाच मिनिटं चालतो, गीझर वीस. गाडी दहा-बारा तास सलग पूर्ण प्रवाह ओढते. सैल पिन मिक्सरला चालून जाते, गाडीला नाही. वेगळी वायर, प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा वेगळा एमसीबी, गळती ओळखणारा आरसीसीबी आणि तपासलेलं अर्थिंग, यातलं काहीही सोडू नका. चार्जिंगच्या खर्चात ही वायरिंग सुरुवातीलाच धरायची.

दोन्हीकडचा

मी वर "मुकाट" म्हणालो ते मागे घेतो. उंबरठा यांनी काय सोसलंय ते वाचून तो शब्द बरा वाटला नाही.

पाटीपेन्सिल

दीड महिन्याने परत आलोय. मधल्या काळात तीन कामं केली.

भावाच्या पार्किंगमध्ये वेगळी वायर ओढून ७ किलोवॅटचा चार्जर बसवला, निम्मे पैसे मी दिले. त्यावर परत आठवडाभर वही: २९८ किमी, डिस्प्लेनुसार ४२, मीटरवर ४६.३ युनिट. तूट १३ टक्क्यांवरून ९ वर आली, युनिटला ६.४४ किमी. माझा एक लिटर आता २.३ युनिटचा. जुना सॉकेट उघडला तेव्हा त्याच्याही एका पिनेभोवती पिवळट डाग निघाला. उंबरठा, तुमच्यामुळे तो वेळेत दिसला.

मग गेल्या वर्षीच्या पावत्यांवरून माझ्याच फेऱ्या मोजल्या. ११ हजार किमी, त्यातले साडेआठ हजार घराजवळचे, अडीच हजार लांबचे. लांबच्यांना लांबपल्ला यांचा पावणेचारचा आकडा आणि फास्ट चार्जरचा दर लावला, जवळच्यांना घरचा शेवटच्या टप्प्याचा दर. मामांना तो कागद दाखवला. ते अर्धा तास चष्मा लावून बघत होते, मग म्हणाले, "माझ्या फेऱ्या तुझ्या उलट्या आहेत." वाद तिथेच संपला.

इलेक्ट्रिक घेतोय. आमच्या इमारतीत मीटरची परवानगी मिळाली आहे. अर्जासोबत आणखी दोन भाडेकरूंची नावं जोडली होती, तीही मंजूर झाली.

रात्रपाळी

अभिनंदन! वही बंद करू नका. थंडीतले आकडे इथेच टाका, घाटवाट वाट बघतोय.

पाटीपेन्सिल

वही चार्जरशेजारच्या खिळ्याला टांगली आहे, पेन्सिल दोऱ्याने बांधून. आता धाकटी रीडिंग लिहिते. कालचं तिने दशांशाशिवाय लिहिलंय, तेवढं दुरुस्त करतो.